तीन प्रकारचा ‘सोडा’ आणि बाटलीवरचा एक नंबर: ट्रान्सलेट ॲप जिथे कमी पडतं

आज नव्या फोनबद्दल किंवा ॲपबद्दल बोलायचं नाहीये. केमिकलच्या लेबलवर बारीक अक्षरात छापलेल्या एका नंबरबद्दल बोलायचंय. तो नीट वाचायला मी बीडहून थेट जर्मनीत येऊन शिकलो. तुम्ही हातातल्या फोनवर दहा मिनिटांत शिकाल.

माझं गाव केज तालुक्यात. बी.एस्सी. तिकडेच झाली, आता एम.एस्सी. केमिस्ट्रीसाठी जर्मनीत आहे. लेक्चर इंग्रजीत असतात, म्हणून वाटलं होतं की जर्मन भाषा हळूहळू शिकू, काय घाई आहे! पण लॅबमधल्या बऱ्याच बाटल्यांची लेबलं आणि भिंतीवरच्या सुरक्षेच्या सूचना जर्मनमध्ये. हायड्रोजनला म्हणतात वासरश्टोफ, नायट्रोजनला श्टिकश्टोफ. सोडियमला नाट्रियम आणि पोटॅशियमला कालियम. शाळेत ‘सोडियमची संज्ञा एनए का?’ हे नुसतं पाठ केलं होतं, इथे ते रोज कानावर पडतं.

लॅबमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ग्लोव्हजला लागलेलं केमिकल स्क्रीनवर आणि तिथून गालावर जाऊ नये म्हणून. त्यामुळे आदल्या रात्री सूचनांच्या कागदावर ट्रान्सलेट ॲपचा कॅमेरा धरायचा, वाचायचं आणि सकाळी आठवून काम करायचं, अशी माझी पद्धत होती. एके ठिकाणी लिहिलं होतं की ॲसिड सांडलं तर त्यावर ‘नाट्रोन’ टाका. माझ्या डोक्यात राहिलं, ‘सोडा’ टाका.

आणि तिसऱ्याच आठवड्यात माझ्याकडून टेबलावर थोडं ॲसिड सांडलं. घाईत कपाट उघडलं, ‘नाट्रोन’ने सुरू होणारी बाटली दिसली, उचलली. झाकण फिरवणार एवढ्यात असिस्टंटने माझं मनगट धरलं. बाटलीवर होतं ‘नाट्रोनलाउगे’.

नाट्रोन म्हणजे आपला खाण्याचा सोडा. नाट्रोनलाउगे म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण. खाण्याच्या सोड्याने ॲसिड फसफसतं आणि शांत होतं. तीव्र ॲसिडवर तीव्र कॉस्टिक ओतलं तर इतकी उष्णता निघते की ते उसळून तोंडावर येऊ शकतं. गॉगल होता, पण चेहरा उघडाच होता. असिस्टंट ओरडली नाही. बाटली फिरवून लेबलवरचा नंबर दाखवला आणि म्हणाली, नाव नंतर वाच, आधी हा वाच.

हा नंबर आहे तरी काय?

याला म्हणतात कॅस नंबर. अमेरिकन केमिकल सोसायटीचा केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस नावाचा विभाग प्रत्येक पदार्थाला असा एक नंबर देतो. 1965 पासून ही नोंदणी सुरू आहे. पदार्थाचं नाव भाषेप्रमाणे बदलतं, नंबर बदलत नाही. आपल्याकडच्या तीन ‘सोड्यां’चंच बघा. खाण्याचा सोडा 144-55-8, धुण्याचा सोडा 497-19-8, कॉस्टिक सोडा 1310-73-2. त्यात जर्मन माणूस नुसतं ‘सोडा’ म्हणाला तर त्याच्या मनात धुण्याचा सोडा असतो! आता ट्रान्सलेट ॲप बिचारं काय करणार?

मला आवडलेली गोष्ट पुढे आहे. शेवटचा एक अंक हा तपासणीचा अंक असतो. आधारच्या शेवटच्या अंकासारखाच, फक्त सूत्र वेगळं. कॉस्टिकचा नंबर घ्या. शेवटचा 2 बाजूला ठेवा, उरले 1, 3, 1, 0, 7, 3. उजवीकडून सुरुवात करून 1, 2, 3 असं गुणत जा: 3, 14, 0, 4, 15, 6. बेरीज 42. शेवटचा अंक 2, म्हणजे जुळलं. नंबर लिहिताना एखादा अंक चुकला तर बहुतेक वेळा इथेच पकडला जातो.

नंबर मिळाला की फोनवर पबकेम उघडा. अमेरिकन सरकारची फुकट साईट आहे, लॉगिन लागत नाही. सर्चमध्ये नंबर टाका. नाव, सूत्र आणि लाल चौकटीतली धोक्याची चिन्हं समोर येतात. हात आणि धातू खाणारं द्रव दाखवणारं चिन्ह दिसलं तर तो पदार्थ कातडी जाळतो. कॉस्टिकला ते आहे, खाण्याच्या सोड्याला नाही.

पण नंबरवरून तीव्रता कळत नाही. 1 टक्क्याचं द्रावण असो की 40 टक्क्यांचं, नंबर तोच. फिनाईल, टॉयलेट क्लीनर ही तर मिश्रणंच. तिथे कंपनीची सेफ्टी डेटा शीट शोधायची. तिचे 16 भाग असतात: तिसऱ्यात आत काय आहे ते, चौथ्यात प्रथमोपचार. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून मिळणाऱ्या सुट्या ॲसिडवर नंबरही नसतो आणि नावही. ते घरात आणूच नका.

आईचा व्हिडिओ कॉल

हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं ते आईमुळे. तिच्या बचत गटाने कपड्यांचा साबण बनवायचं ठरवलं. कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलं होतं, पातेल्यात सोडा घ्या आणि वरून पाणी ओता. कॉलवर मागे ॲल्युमिनियमचं पातेलं दिसत होतं.

“आई, थांब. आधी त्या पोत्याचा फोटो पाठव.”

“कशाला रं? सोडाच तर हाय.”

फोटो मोठा करून पाहिला. 1310-73-2.

कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उकळून उडतं. म्हणून स्टीलचं भांडं, आधी थंड पाणी, मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल आणि लेकरं लांब. एवढं सांगितल्यावर तिने ॲल्युमिनियमचं पातेलं उचलून आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने गटाच्या वहीचा फोटो पाठवला. तिन्ही सोड्यांचे नंबर एकाखाली एक. शेजारच्या काकूंच्या नववीतल्या मुलीने खाण्याच्या सोड्यासमोर पेन्सिलने बेरीजही केली होती: 5, 10, 12, 16, 5. एकूण 48, आणि 8 ला गोल.