काजळाचे बोट आणि घरचा पंचा

डोळ्यांच्या आरोग्याचा विषय निघाला की चष्मा, मोतीबिंदू आणि वाचनाचा उजेड यांचीच चर्चा बहुधा होते. दोरीवर वाळत असलेल्या पंच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्याच पंच्याने आजोबा तोंड पुसतात, त्याच्याच ओल्या कोपऱ्याने आई धाकट्याच्या डोळ्यांची चिपडे काढते आणि शाळेच्या घाईत थोरलीही त्यालाच चेहरा टिपते. घरच्या माणसांत आपपरभाव नसावा हे खरे. पंच्यापुरता तो अवश्य असावा.

याचे कारण खुपऱ्या या रोगाच्या इतिहासात सापडते. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाच्या सूक्ष्म जंतूमुळे हा विकार होतो. मुलांच्या डोळ्यांतील व नाकातील स्रावातून बोटे, फडकी आणि माश्या यांच्याद्वारे तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एखाददुसऱ्या वेळी झाला तर डोळा सावरतो. परंतु वर्षानुवर्षे संसर्ग होत राहिला तर वरच्या पापणीच्या आतल्या अंगास व्रण पडतात, पापणी आत वळते आणि तिचे केस प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळावर घासू लागतात. बुबुळ पांढरे पडते व दृष्टी जाते. बालपणीचा हा संसर्ग आपले खरे रूप दाखवतो तो प्रौढ वयात. पुरुषांपेक्षा स्त्रियांची दृष्टी या रोगाने अधिक गेली, कारण चिपडे पुसणारा हात आईचा असतो.

गुजरात, राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश या कोरड्या, धुळीच्या प्रदेशांत खुपऱ्यांनी एके काळी फार छळले. १९६३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. याचा अर्थ जंतू नाहीसा झाला असा नव्हे. त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेच्या खाली आले, इतकाच. या यशात औषधे व शस्त्रक्रिया यांचा वाटा आहे, तसाच स्वच्छ चेहरा, पुरेसे पाणी आणि शौचालय यांचाही आहे. हा रोग पसरवणारी माशी उघड्यावरील विष्ठेतच वाढते.

पंच्याचा सख्खा भाऊ म्हणजे काजळाचे बोट. दिव्यावर ताट धरून घरी काढलेल्या काजळावर आजीचा मोठा विश्वास असतो आणि त्यामागील माया खोटी नसते. पण एकाच बोटाने ओळीने तीन नातवंडांच्या डोळ्यांत काजळ गेले, तर पहिल्याची घाण तिसऱ्यापर्यंत पोहोचते. बाजारी सुरम्याची गोष्ट याहून वाईट. त्याच्या कित्येक नमुन्यांत शिसे आढळले आहे आणि शिसे मुलांच्या बुद्धीच्या वाढीस घातक असते. दृष्ट लागू नये एवढाच हेतू असेल तर गालावरची तीट पुरे.

सकाळी उघड्या डोळ्यांवर पाण्याचे सपकारे मारण्याचीही गरज नसते. अश्रू हेच डोळ्याचे स्वाभाविक स्नान. त्यांत जंतुनाशक द्रव्य असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याला लायसोझाइम हे नाव दिले. साबणाने हात धुऊन मिटलेल्या पापण्या व चेहरा स्वच्छ पाण्याने धुतला की काम झाले. मध, कांद्याचा रस, आईचे दूध हे पदार्थ डोळ्यांत घालू नयेत.

डोळे येण्याची साथ नुसत्या बघण्याने लागते, ही समजूत अजून टिकून आहे. १९७१ च्या साथीत बंगालमध्ये या दुखण्याला ‘जय बांगला’ असे नावच पडले होते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातही मोठी साथ येऊन गेली. काळा चष्मा रोग्याला उजेडाचा त्रास होऊ देत नाही; इतरांचे रक्षण होते ते त्याने हात डोळ्यांपासून दूर ठेवल्याने, टॉवेल व उशीचा अभ्रा वेगळा केल्याने. गेल्या वर्षीची उरलेली बाटली काढून थेंब घालणे हा तर शुद्ध अविचार. त्या औषधात स्टेरॉइड असेल आणि ते वैद्यकीय सल्ल्यावाचून फार दिवस चालू राहिले, तर काचबिंदू उद्भवू शकतो.

मळणीच्या दिवसांत डोळ्यांत कुसळ जाते. तेव्हा डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा आणि टोचणे थांबले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. भाताच्या तुसाने झालेल्या बारीक जखमेत बुरशी शिरून डोळ्यात फूल पडू शकते. पानाच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती देऊच नये. चुना उडालाच, तर मात्र वर सांगितलेला नियम बाजूला ठेवावा: क्षणाचाही विलंब न लावता पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटे डोळ्यावर पाण्याची धार सोडावी, पापणीआड अडकलेले कण ओल्या स्वच्छ कापडाने हलकेच काढावेत आणि मग तडक रुग्णालय गाठावे.