सीमेपलीकडून आलेला कर

मुरुमच्या एखाद्या हार्डवेअर दुकानात पीव्हीसी पाइपांचा ट्रक उतरतो, तेव्हा बिलावरचा जीएसटी नंबर जरूर बघावा. सुरुवातीला २७ असेल तर विकणारा महाराष्ट्रातला, २९ असेल तर कर्नाटकातला. मुरुम उमरगा तालुक्यात, पलीकडं लगेच आळंद आणि पुढं कलबुर्गी, त्यामुळं इथं दोन्ही प्रकारची बिलं येऊ शकतात. त्यातलं २९ चं बिल मला थक्क करतं.

समजा, कलबुर्गीहून एक लाखाचे पाइप आणले. राज्याची हद्द ओलांडली म्हणून १८ टक्क्यांनी १८,००० रुपये आयजीएसटी लागला. दुकानदारानं ते गावात १,२०,००० ला विकले. त्यावर कर २१,६००. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, म्हणजे प्रत्येकी १०,८००. पण खरेदीत दिलेले १८,००० त्याच्या नावावर जमा आहेत. हेच इनपुट टॅक्स क्रेडिट, जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडचा सेट-ऑफ. त्यातून केंद्राचे १०,८०० फेडले, उरलेले ७,२०० राज्याच्या वाट्याला लावले, की रोख भरायचे फक्त ३,६००. त्यानं मालाच्या किमतीत २०,००० ची भर घातली, त्याचे बरोबर १८ टक्के!

पण महाराष्ट्राच्या हाती १०,८०० ऐवजी ३,६०० च पडले. मग ७,२०० कुठून येतात? केंद्र ते आयजीएसटीच्या खात्यातून महाराष्ट्राला देतं. आणि कर्नाटक? पाइप तिथंच बनला असेल, तर त्याच्या कच्च्या मालावरचा राज्याचा कर आधी कर्नाटकानं घेतलेला असतो. त्याचं क्रेडिट वापरून कुणी आयजीएसटी भरला, की कर्नाटकाला तेवढी रक्कम केंद्राकडं द्यावी लागते. माल जिथं वापरला जाणार, त्या राज्याकडं कर पोचतो. बिलावरच्या दोन आकड्यांमागं दोन राज्यांचा एवढा हिशेब फिरतो, हे मुरुमच्या काउंटरवर कुणाला जाणवतही नाही.

निजामाच्या राज्यात मुरुम आणि गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) एकाच संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला एक मुंबई राज्यात गेलं, दुसरं म्हैसूर राज्यात. केंद्रीय विक्रीकराचा कायदाही त्याच वर्षीचा. जीएसटी येण्याआधीच्या शेवटच्या वर्षांत सवलतीच्या दरासाठीचा सी फॉर्म देऊनही परराज्यातल्या खरेदीवर २ टक्के सीएसटी लागायचा आणि त्याचा सेट-ऑफ नसायचा. एक लाखामागं २,००० रुपये मालाच्या किमतीतच मुरायचे. सोलापूरहून माल आणला तर मात्र व्हॅटचा सेट-ऑफ मिळायचा. कुठल्या बाजारातून घ्यायचं, यात कायद्याचं वजन असं पडायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते उतरलं.

खरेदीवरचा कर वजा करण्याची ही कल्पना बाहेरची. फ्रान्समध्ये मोरीस लोरे या करअधिकाऱ्यानं १९५४ मध्ये ती अमलात आणली. आपल्याकडं १९८६ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना मॉडव्हॅटच्या रूपानं ती कारखान्यांपुरती आली.

जीएसटीतली पहाऱ्याची सोय तर फार सुंदर आहे. महिन्याला रिटर्न भरणाऱ्या विक्रेत्यानं ११ तारखेपर्यंत आपली बिलं दाखवायची. १४ तारखेला ती खरेदीदाराच्या जीएसटीआर-टू-बी या विवरणात उमटतात. बिल तिथं नसेल तर क्रेडिट घेता येत नाही. म्हणून फोन जातो, ‘तेवढं बिल चढवा की.’ विकणाऱ्याच्या कराची चौकशी माल घेणारा स्वतःच करतो, कारण पैसे त्याचेच अडकलेले असतात. शिवाय पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत चुकते करावे लागतात, नाहीतर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत जातं. उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मात्र क्रेडिटच नाही.

ही साखळी शेताच्या बांधावर थांबते. तुरीला पाणी देण्यासाठी पाइप नेणारा शेतकरी १,४१,६०० रुपये मोजतो. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकण्यापुरती त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळं त्याच्याकडं क्रेडिट घ्यायला खातंही नाही. आधीच्या प्रत्येकानं आपला कर पुढच्याकडून वसूल केला. २१,६०० रुपये पूर्णपणे त्याच्या खिशातून गेले.