हात कुणाचा, चित्र कुणाचे?

मे १८७१. लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर भाड्याने घेतलेल्या दालनात जॉर्जियाना हाउटन यांनी आपली १५५ चित्रे मांडली. त्यांतल्या बहुतेक चित्रांत ना माणूस, ना झाड, ना डोंगर. एकमेकींत गुंतलेल्या रंगीत रेषांची वेटोळी आणि त्यांवर पांढऱ्या रेघांची नाजूक जाळी. चित्राच्या मागील बाजूस खुलासा असे : कोणत्या आत्म्याने हात चालवला, कोणता रंग कशाचे प्रतीक. काही समीक्षक थक्क झाले, अनेकांनी थट्टा केली. विक्री जवळजवळ झालीच नाही आणि बाईंची जमापुंजी मात्र संपत आली. १८८४ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या उरलेल्या चित्रांपैकी बहुतेक आज मेलबर्नमधील परलोकवाद्यांच्या एका संस्थेकडे आहेत. लंडनला त्यांची आठवण झाली ती थेट २०१६ मध्ये, कोर्टोल्ड गॅलरीतील प्रदर्शनाच्या निमित्ताने.

प्लँचेट आपल्या वाचकांना नवे नाही. त्याचे मूळ असलेली परलोकविद्येची लाट १८४८ नंतर अमेरिकेतून युरोपात पसरली. आप्तांच्या मृत्यूने पोळलेली माणसे तिच्याकडे वळली. हाउटन यांचीही बहीण वारली होती. पण स्त्रियांना या लाटेने सांत्वनाखेरीज आणखी काही दिले. मृतात्म्यांशी बोलणारे माध्यम बहुतेकदा स्त्रीच असे आणि त्या बैठकीत तिचा शब्द अखेरचा असे. बाहेरचे जग वेगळे होते. रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत पहिल्या विद्यार्थिनीला, लॉरा हरफर्डला, १८६० मध्ये प्रवेश मिळाला तोही अर्जावर नावाची फक्त आद्याक्षरे असल्यामुळे. नाव झाकले, तेव्हा दार उघडले.

हाउटन यांनीही एका अर्थाने हेच केले. ‘हे मी काढले नाही’ असे म्हटल्यावर कोणतीही परंपरा मोडायची मोकळीक मिळत होती. आपल्याकडे अंगात देवी आली की घर सुनेच्या पाया पडते आणि देवी उतरली की सून पुन्हा चुलीपाशी जाते. दोन्हीकडचा सौदा सारखाच : बोलण्याचा अधिकार मिळतो, पण बोलणे आपले राहत नाही.

स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंट (१८६२–१९४४) यांच्या बाबतीत हा सौदा अधिक स्पष्ट दिसतो. स्टॉकहोमच्या रॉयल अकॅडमीतून शिकलेल्या हिल्मा उपजीविकेसाठी निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढत. १८९६ पासून चार मैत्रिणींसह त्या नियमित बैठकी घेऊ लागल्या. १९०६ मध्ये या बैठकींतून मिळालेल्या आदेशाने ‘मंदिरासाठीची चित्रे’ ही मालिका सुरू झाली आणि १९१५ पर्यंत तिच्यात १९३ कृती झाल्या. त्यांतली ‘दहा सर्वांत मोठी’ ही १९०७ ची चित्रे प्रत्येकी तीन मीटरहून उंच आहेत आणि त्यांत बालपणापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास निव्वळ आकारांतून व रंगांतून उलगडतो. पण आपण डोळे मिटून आज्ञा पाळत होतो, असे हिल्मा मानत नव्हत्या. त्यांच्या वह्यांत चिन्हांचे अर्थ लावण्याचा, तपासण्याचा दीर्घ उद्योग दिसतो.

याच काळात कांडिन्स्की आणि मॉन्ड्रियानही थिऑसॉफीने भारावले होते. ही थिऑसॉफी आपल्याला परकी नाही : ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक तेथूनच निघाले. आपल्याला होमरूलमुळे ठाऊक असलेल्या ॲनी बेझंट यांनी लेडबीटर यांच्यासह लिहिलेले ‘थॉट-फॉर्म्स’ (१९०५) कांडिन्स्कीच्या संग्रही होते. विचार आणि भावना यांना रंगरूप असते, असे ते पुस्तक सांगते. मॉन्ड्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. या दोघांच्या बाबतीत कलेतिहासाने त्याला ‘चिंतन’ म्हटले. हिल्मांच्या बाबतीत तेच ‘माध्यमगिरी’ ठरले.

आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ही चित्रे उघडू नयेत, असे हिल्मांनी सांगून ठेवले होते. १९७० च्या सुमारास हा ठेवा स्टॉकहोमच्या मॉडर्न म्युझियमला देऊ केला गेला, पण तो नाकारला गेला. ही बाई माध्यम होती हे कळताच नकार आला, असे सांगितले जाते. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका प्रदर्शनात त्यांची चित्रे जगासमोर आली, तरी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने अमूर्त कलेच्या जन्मावर भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांना जागा नव्हती. २०१८-१९ मध्ये त्याच शहरातील गुगेनहाइममध्ये सहा लाखांहून अधिक लोकांनी त्यांची चित्रे पाहिली.

आता ‘पहिली अमूर्त चित्रकार कोण?’ अशी शर्यत लावली जाते. ती या स्त्रियांना न्याय देत नाही. हाउटनच्या लेखी तिची चित्रे अमूर्त नव्हतीच. ती अदृश्य जगाची हुबेहूब चित्रे होती. शिवाय हिल्मांच्या मोठ्या चित्रांत ॲना कासेल आणि इतर मैत्रिणींचाही हात असावा, अशी चर्चा अलीकडे अभ्यासकांत सुरू आहे. एकट्या प्रतिभावंताच्या सहीवर उभ्या असलेल्या कलाबाजाराला हे अडचणीचे वाटते. पण त्या बैठकीत पाच जणी एकत्र बसत होत्या. विस्मरणातून एकीला बाहेर काढताना उरलेल्या चौघींना पुन्हा अंधारात लोटले, तर आपणही जुनीच चूक नव्या नावाने करू.