दोन पाण्यांचा घरगुती डेव्हलपर

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचे काम करणाऱ्यांना ठाऊकच आहे: आधी कापडाला रंग पाजायचा, मग सोड्याने पक्का करायचा. कृष्णधवल फिल्म दोन पाण्यांत धुण्याची रीत याच जातीची आहे. ज्यांची जुनी डार्करूम बंद पडून आहे, त्यांनी ती जरूर करून पाहावी.

पहिले पाणी: ५० अंश सेल्सिअसच्या पाऊण लिटर पाण्यात चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग ५ ग्रॅम मेटॉल. ते पूर्ण विरघळल्यावरच १०० ग्रॅम सल्फाइट टाकावे. क्रम उलटला तर मेटॉल नीट विरघळत नाही. पाणी घालून एक लिटर करावे. दुसरे पाणी: एका लिटरमध्ये १० ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे टाकणखार.

दोन्ही पाणी २० अंशांवर आणावे. फिल्म पहिल्यात चार मिनिटे, मध्ये न धुता दुसऱ्यात तीन मिनिटे ठेवावी. नंतर नेहमीप्रमाणे हायपो. दुसऱ्या पाण्यात फिल्मने शोषलेलाच मेटॉल काम करतो. उजळ भागात तो लवकर संपतो, गडद भागात टिकतो. म्हणून पांढरी शेरवानी आणि काळा कोट एकाच फोटोत खुलून येतात.

पहिले पाणी अनेक रोल चालते, पण दुसऱ्याचा थेंबही त्यात पडू देऊ नये. मेटॉलने काहींच्या हाताला खाज येते, हातमोजे घालावेत.

एकदा मला सल्फाइटऐवजी सल्फेट मिळाले. मी डब्यावरचे नाव वाचले नाही. भाचीच्या निकाहचा रोल इतका फिका निघाला की एकही फोटो छापता आला नाही. माल घेताना नाव वाचा, बांधवांनो. पैसे भरून मिळतात, तो दिवस नाही.