गाईच्या रक्तातले औषध

गाय लंगडू लागली, सांध्याला सूज आली की जनावरांचा डॉक्टर सुई टोचतो आणि एक-दोन दिवसांत गाय चालू लागते. धन्याचे समाधान होते. टोचलेले औषध गेले कोठे, हा प्रश्न त्याला पडत नाही आणि पडण्याचे कारणही नाही. आम्हांला मात्र आज तोच विचारायचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर गिधाडांचे जगणे अवलंबून आहे.

मागोवा घ्यायचा तो रक्तात. सुई टोचण्यापूर्वी एकदा आणि टोचल्यावर ठरावीक वेळांनी, आधी घाईघाईने व मग सावकाश, गाईच्या मानेच्या शिरेतून थोडे थोडे रक्त काढतात. पहिल्या नमुन्यात औषध नसतेच. पण तो नसेल तर पुढच्या आकड्यांना पाया उरत नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून नळीत हेपॅरिन असते. नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात व वर पिवळसर पाणी राहते. हाच रक्तद्रव. तपासणीपर्यंत तो कडक थंडीत ठेवतात, नाहीतर औषध नळीतच बिघडायचे.

त्यात ॲसिटोनायट्राइल मिसळले म्हणजे नासलेल्या दुधातील चोथ्याप्रमाणे प्रथिने वेगळी होतात. उरलेला द्रव बारीक कणांनी भरलेल्या नळीतून दाबाने सोडतात. ओल्या टीपकागदावर शाईतले रंग फाकून वेगळे होतात ना, तसाच हा प्रकार. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो. औषध किती, हे ठरवायला मात्र सोनाराप्रमाणे वजने लागतात. औषध न दिलेल्या गाईच्या रक्तद्रवात मोजून औषध घालायचे आणि त्याच्याशी ताडून पाहायचे.

आकडे कागदावर मांडले की चढून उतरणारी रेषा मिळते. सहा तासांत निम्मे उरते असे धरले, तर एका दिवसाने सोळावा हिस्सा राहील. रेषा लवकर उतरली म्हणजे औषध गेले, असे कोणीही म्हणेल. गफलत होते ती येथेच.

डायक्लोफिनॅक टोचलेले जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड बंद पडते आणि यूरिक आम्लाचा पांढरा थर आतड्या-काळजावर साचतो. हे कारण २००४ साली उघड झाले. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात हजारास एक उरली होती. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, आणि त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सोसते असेही दिसून आले. तरी बाजारात ॲसिक्लोफिनॅक होतेच. नाव निराळे, बाटली निराळी.

गाईंना ते टोचून रक्तद्रव तपासला तेव्हा ॲसिक्लोफिनॅकची रेषा झरझर उतरली. तेवढेच मोजून थांबले असते तर औषध निरुपद्रवी ठरले असते! परंतु त्याच नमुन्यांत डायक्लोफिनॅकही शोधले होते, आणि एक रेषा उतरत असताना दुसरी चढत होती. गाईचे शरीरच एकाचे दुसरे करीत होते. हा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. बंदी यायला मात्र २०२३ साल उजाडावे लागले.