तीनचाकी बाबागाडी घ्यायची? आधी गल्ली मोजा, मग पैसे मोजा

डहाणू : घरात बाळ आलं की आधी झोळी बांधली जाते. तीन-चार महिने झाले की घरातलंच कोणीतरी मोबाईलवर बाबागाडीचा फोटो दाखवतं. पुढे एक चाक, मागे दोन, चाकं मोठी, गाडी दिसायला दणकट. "आपल्या रस्त्याला हीच टिकेल," असं सगळ्यांचं मत पडतं आणि ऑर्डर जाते.

हे मत अर्धं बरोबर आहे. खडबडीत रस्त्यावर तीनचाकी गाडी खरंच चांगली चालते. पण ती कधी कलंडते, कधी घरंगळते आणि कोणत्या वयाच्या बाळाला ती अजिबात चालत नाही, हे दुकानदार सांगत नाही आणि ऑनलाइन फोटोत दिसत नाही. धाकटी डहाणूसारख्या किनाऱ्यावरच्या गावात, जिथे एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला अरुंद गल्ल्या आणि समोर धक्का आहे, तिथे हे आधी समजून घ्यायलाच हवं.

पांगुळगाडा, वॉकर आणि बाबागाडी

तीन चाकं म्हटलं की जुन्या माणसांना पांगुळगाडा आठवतो. तो लाकडी असतो, बाळ त्याला धरून उभं राहतं आणि स्वतः ढकलत चालतं. सपाट अंगणात, मोठं माणूस जवळ असेल तर त्याला हरकत नाही.

गोल वॉकर मात्र वेगळा. त्यात बाळाला बसवतात आणि ते पायाने जमीन रेटत फिरतं. त्याने बाळ लवकर चालायला लागतं हा गैरसमज आहे. उलट बाळ क्षणात उंबऱ्यापर्यंत, पायरीपर्यंत किंवा चुलीपर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही बंदीची मागणी केली आहे. कोणी भेट दिला तरी वापरू नका.

बाबागाडी म्हणजे बाळाला बसवून किंवा झोपवून आपण ढकलतो ती. हा लेख तिच्याबद्दल आहे.

तीन चाकांचा फायदा काय, तोटा काय

दोन गाड्या समोर ठेवून बघा. छत्रीसारखी मिटणारी हलकी चारचाकी ब्रिटनमध्ये ओवेन मॅकलॅरन या विमान-अभियंत्याने १९६५ च्या सुमारास तयार केली. ती फुटपाथसाठी, बस-रेल्वेत उचलून न्यायला. मोठ्या चाकांची तीनचाकी त्यानंतर १९८० च्या दशकात अमेरिकेत आली, सायकलची चाकं लावून, बाळाला घेऊन पळता यावं म्हणून. म्हणजे दोघींचं काम मुळातच वेगळं.

मोठं चाक खड्ड्यात अडकत नाही, दगडावरून सहज वर चढतं. पुढे एकच चाक असल्यामुळे गाडी एका हाताने वळते. हा फायदा.

तोटा चाकांच्या मांडणीतच आहे. चार चाकांची गाडी चौकोनावर उभी असते, तीन चाकांची त्रिकोणावर. त्रिकोणाला पुढचे दोन कोपरे नसतात. त्यामुळे गाडी जोरात वळवली, किंवा मागचं एक चाक दगडावर चढलं, की ती पुढच्या कोपऱ्याकडे कलते. म्हणून तीनचाकी घेताना मागच्या दोन चाकांमधलं अंतर जास्त आणि बाळाची बैठक खाली असलेली बघायची. उंच बैठक आणि छोटी प्लास्टिकची तीन चाकं असलेली गाडी स्वस्त मिळते, पण तिच्यात तोटे तेवढे आहेत, फायदा एकही नाही.

हँडलला बाजाराची पिशवी लटकवणं ही आपली सवय. बाळ गाडीत असेपर्यंत वजन सांभाळलं जातं. बाळाला उचललं की पिशवीच्या भाराने गाडी मागे उलटते. हलकं बाळ असेल तर ते आत असतानाही उलटू शकते. पिशवी खालच्या जाळीतच ठेवा.

दुकानात जाण्याआधी घरी करायची मोजणी

मोठ्या चाकांच्या तीनचाकीची मागची रुंदी साधारण दोन फूट किंवा थोडी जास्त असते. टेप घ्या आणि चार ठिकाणी मोजा : घराचा दरवाजा, ओट्याच्या पायऱ्या, गल्लीतली सगळ्यात अरुंद जागा, आणि गाडी मिटवून ठेवायची जागा. बोंबील वाळत घातले की गल्लीतून जायला किती जागा उरते, तेही बघा.

मग विचार करा की बाळाला घेऊन तुम्ही जाता कुठे. अंगणवाडीपर्यंत पायी, समुद्राकाठी संध्याकाळी फेरी, शेजारच्या आळीत माहेरी, असं असेल तर तीनचाकी उपयोगाची. पण तुमची फेरी बहुतेक वेळा शेअर रिक्षाने डहाणूच्या दवाखान्यात किंवा डहाणू रोडवरून लोकलने पुढे असेल, तर ही गाडी ओझं होईल. अशा गाड्या नऊ-दहा किलोच्या पुढे भरतात आणि मिटवल्या तरी रिक्षात चौथ्या माणसाची जागा खातात. स्टेशनच्या जिन्यावर एका काखेत बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी, हे एकट्या बाईला जमत नाही. त्यांनी हलकी चारचाकी घ्यावी किंवा काहीच घेऊ नये.

तलासरीकडच्या पाड्यांवर वाळू नाही, पण चढउतार आणि दगड आहेत. तिथे मोठी चाकं उपयोगी पडतात, पण उतारावर गाडीचा वेग हाताला सांभाळता आला पाहिजे. काही गाड्यांना हँडलवर हाताचा ब्रेक असतो, तो अशा ठिकाणी पैसे वाया घालवत नाही.

कोरड्या वाळूत मात्र कोणतीच गाडी ढकलून नीट जात नाही. पुढचं चाक रुततं. तेव्हा गाडी फिरवून मागच्या दोन चाकांवर आपल्याकडे ओढत न्यायची. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर ती आरामात चालते.

बाळ किती महिन्यांचं?

हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची मान आणि पाठ धरलेली नसते. त्याला बसकी बैठक दिली की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. इतक्या लहान बाळासाठी पाठ पूर्ण सपाट होणारी गाडीच हवी. बऱ्याच तीनचाकी गाड्यांची पाठ तेवढी सपाट होत नाही. त्या बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावरच घ्या.

गाडी ढकलत पळायचं असेल तर त्याहून थांबा. बाळाचे डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, आणि कंपनीने ती गाडी पळण्यासाठी म्हणून विकली असेल तरच. नुसती तीन चाकं आहेत म्हणून गाडी पळण्याची होत नाही.

अजून एक. तीनचाकी गाडीत बाळाचं तोंड बहुतेक वेळा पुढे असतं, ढकलणाऱ्या आईकडे नसतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की तोंड आपल्याकडे असलं की आईबाप बाळाशी जास्त बोलतात. गाडी पुढे तोंडाची असेल तर अधूनमधून थांबा, समोर या, बोला. बाळ ठीक आहे ना, तेही कळतं.

दुकानात पाच परीक्षा

बाळाला घरी ठेवा आणि पाच किलो तांदळाची पिशवी सोबत न्या. ती बैठकीत ठेवून पट्टा बांधा आणि मग बघा :

१. पट्टा – पाच ठिकाणी धरणारा हवा : दोन खांदे, कमरेच्या दोन बाजू आणि दोन पायांच्या मधून एक. फक्त कमरेचा पट्टा असेल तर बाळ खाली घसरतं किंवा उभं राहतं.

२. ब्रेक – एका पायाने दाबल्यावर मागची दोन्ही चाकं अडली पाहिजेत. उतारावर उभी करून हलके ढकला. सरकली तर नको.

३. पुढचं चाक – ते फिरतं आणि लॉकही होतं, असं हवं. गल्लीत वळायला मोकळं, खडबडीत रस्त्यावर आणि उतारावर लॉक. मोकळं चाक खड्ड्यात आडवं झालं की गाडी एकदम थांबते आणि कलंडते. चाक झटकन काढता येणारं असेल तर त्याची खिट्टी घट्ट बसते ना, ते बघा. अमेरिकेत २०१८ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने एका मोठ्या कंपनीविरुद्ध याच कारणावरून तक्रार दाखल केली होती : तीनचाकी गाड्यांचं पुढचं चाक चालता चालता निखळत होतं. घरून निघताना दर वेळी चाक हाताने उचलून, हलवून बघा.

४. तोल – हँडल हलके खाली दाबा, मग गाडी डावी-उजवीकडे कलवा. पटकन चाक उचललं गेलं तर ती गाडी सोडा.

५. मिटणारा सांधा – उघडल्यावर लॉक बसल्याचा आवाज यावा आणि त्याशिवाय दुसरी खिट्टी असावी. मिटवताना मुलांची बोटं तिथेच चेमटतात.

लेबलवर 'ईएन १८८८' लिहिलंय का तेही बघा. ते युरोपातलं बाबागाड्यांचं सुरक्षा मानक आहे.

धक्क्यावर, फलाटावर हात सोडू नका

ज्या गुणासाठी आपण मोठी चाकं घेतो, त्याच गुणाने गाडी घरंगळतेही लवकर. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या अॅशबर्टन स्टेशनवर एका आईने क्षणभर हात सोडला. फलाटाला किंचित उतार होता. बाबागाडी सरकत रुळांवर पडली आणि समोरून गाडी आली. सहा महिन्यांचं बाळ किरकोळ लागण्यावर वाचलं, कारण ते पट्ट्याने बांधलेलं होतं. सीसीटीव्हीतलं ते दृश्य जगभर बघितलं गेलं.

आपल्याकडे फलाट आहे तसा धक्काही आहे. होडी लागली की सगळ्यांचं लक्ष मासळीकडे जातं. म्हणून तीन नियम : थांबलात की ब्रेक, गाडीचं तोंड पाण्याकडे किंवा रुळांकडे नाही तर त्याला समांतर, आणि हँडलची दोरी मनगटात. गाडीला दोरी नसेल तर मजबूत नाडीची करून घ्या.

ओढणी टाकू नका

ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकतो. स्वीडनमधल्या एका वर्तमानपत्राने २०१४ मध्ये मोजून बघितलं : उघड्या गाडीत २२ अंश असलेलं तापमान पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासात ३४ वर आणि तासाभरात ३७ वर गेलं. तेही स्वीडनच्या उन्हात! आपल्या वैशाखात काय होईल, विचार करा. कापडाने वारा अडतो. गाडीचं स्वतःचं छप्पर वापरा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फिरवा. पावसाचं प्लास्टिकही ऊन आलं की लगेच काढा.

खारा वारा आणि हवेची चाकं

किनाऱ्यावर लोखंड टिकत नाही, हे आपल्याला सांगायला नको. गाडीचा सांगाडा अॅल्युमिनियमचा बघा. वाळूतून आणल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, पुसा, फिरणाऱ्या भागांत थोडं तेल सोडा. ब्रेकला तेल लावू नका.

हवेची चाकं मऊ चालतात, पण पंक्चर होतात. त्यांचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर गावातल्या दुकानात काम होतं. हवा टायरवर लिहिली आहे तेवढीच भरा, मशीनने जास्त भरली तर छोटा टायर फुटतो. ही कटकट नको असेल तर भरीव फोमची चाकं घ्या.

बिल घ्या, जुनी घेताना सावध

किंमत दोन-तीन हजारांपासून वीस हजारांच्या पुढेही जाते. महाग म्हणजे सुरक्षित असं नाही, वरच्या पाच परीक्षा दोघींनाही लावा. मुंबईच्या नातेवाइकांकडून जुनी मिळाली तर पट्टा, ब्रेक आणि सांधे आधी तपासा. तुटलेला सांधा वेल्डिंग करून चालवू नका. ऑनलाइन घेतली तर पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिल जपा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आणि घेतलीच नाही तर?

तर बाळाचं काही अडत नाही. आपल्याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, पानं, बिया अशा आसपासच्या वस्तूंतून मुलांना शिकवलं. महाग वस्तूंवाचून मूल घडतं, हे त्यांच्या कामातून दिसलं. कडेवर, झोळीत, आजीच्या मांडीवर बाळ छान वाढतं.

पण बाळंतपणानंतर कंबर धरली असेल, जुळी असतील, घरात बाळ उचलायला दुसरं कोणी नसेल, तर बाबागाडी ही चैन नाही, आईची सोय आहे. तेव्हा ती जरूर घ्या. फक्त ऑर्डरचं बटण दाबण्याआधी टेप घेऊन एकदा गल्लीत चक्कर मारून या.