दारावरची टकटक

सर्व्हरची नोंदवही पहिल्यांदाच उघडणारा विद्यार्थी सहसा घाबरतो. रात्रभरात शेकडो अनोळखी पत्त्यांवरून कुणी २२ क्रमांकाचे पोर्ट चाचपलेले असते, कुणी २३, कुणी ३३८९. आपल्याच महाविद्यालयावर कुणाचा डोळा आहे, असे त्याला वाटते. बहुधा तसे नसते. इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचे साधन तयार केले. वेगवान जोडणी असलेल्या एकाच यंत्रावरून ते यांतील सर्व सार्वजनिक पत्त्यांचे एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासू शकते. मग टकटक करणाऱ्याला आपले नाव ठाऊक असण्याचे कारणच काय?

काहींना उलट टोला द्यावासा वाटतो. तो कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि लागतोही भलत्यालाच. २०१६ च्या मिराई प्रकरणात टेलनेटचे पोर्ट चाचपत हिंडणारी यंत्रे म्हणजे लोकांचे कॅमेरे आणि राउटर होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. मालक बिचारे स्वतःच नागवलेले! पत्ता अडवण्याचाही उपयोग थोडाच. उद्या टकटक दुसऱ्या पत्त्यावरून येते. शिवाय मोबाइल कंपनीच्या एकेका पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यांत आपलाच एखादा विद्यार्थी अडकायचा.

खरे काम दाराशी आहे. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर या कृमीने १४३४ क्रमांकाच्या पोर्टातून हजारो सर्व्हर पछाडले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली, किंवा ते पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद ठेवले, त्यांचे सर्व्हर कृमीच्या हाती लागले नाहीत. टकटक त्यांच्याही दारावर झालीच.

मात्र दोन प्रसंगी स्वस्थ बसू नये. टकटकीनंतर त्याच पत्त्यावरून कुणी आत शिरल्याची नोंद दिसली तर; आणि चाचपणी आपल्याच प्रयोगशाळेतल्या यंत्राकडून बाहेर जाऊ लागली तर. दुसऱ्या प्रसंगी ते यंत्र आधी जाळ्यातून काढावे, चौकशी मागाहून.

महत्त्वाच्या यंत्रणांची हेतुपुरस्सर चाचपणी झाल्यास ती ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावी, असा निर्देश केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढला. नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवाव्यात, असेही त्यातच आहे.